“लोखंडच तर आहे ना, मामा!”



दसऱ्याच्या सकाळी आमच्या फाटकाशी एक वाक्य ऐकलं. दोन दिवस गप्प बसलो, पण घशात अडकल्यासारखं झालंय, म्हणून आज लिहून राहिलो आहे. (हो, ‘लिहून राहिलो’. पुण्याच्या वाचकांनी लाल पेन खाली ठेवावं. आमच्या इंदुरात असंच बोलतात आणि आजवर कोणाचं काही अडलेलं नाही.)

गाडीची पूजा चालली होती. बॉनेटवर हळद-कुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, वायपरमध्ये आपट्याचं पान. गाडी म्हणजे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. कंपनीनं नाव काहीही ठेवलं असो, घरात सगळे फियाटच म्हणतात. आणि घरातल्या घरात तिचं आणखी एक नाव आहे, ते पुढे सांगतो. तर माझा भाचा, चार्टर्ड अकाउंटंट, हुशार, कष्टाळू, माझा लाडका, शिऱ्याची बशी हातात घेऊन म्हणाला, “मामा, अजून किती दिवस सांभाळणार? लोखंडच तर आहे ना! बुक व्हॅल्यू शून्य. स्क्रॅपला द्या, नव्या गाडीवर थोडी सूट तरी मिळेल. तुम्ही तर बँकेतले, तुम्हाला मी काय सांगू?”

चार माणसं हसली. मीही हसलो. पण त्याच माणसांनी दहा मिनिटांपूर्वी त्याच लोखंडाला नमस्कार केला होता. सकाळी आठ वाजता देवता आणि आठ वाजून दहा मिनिटांनी भंगार, हा कुठला हिशेब?

बरं, हिशेबच करायचा तर करू. छत्तीस वर्षं बँकेत काढली. बी.कॉम.ला घसारा शिकलो आणि पुढे कर्जदारांच्या ताळेबंदांत तो तपासण्यात डोळे घालवले. बाळा, बुक व्हॅल्यू शून्य कशी होईल? तुमचं आयकर खातं मोटारीला घटत्या शिल्लक पद्धतीनं वर्षाला पंधरा टक्के घसारा धरतं. या पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीतून कापायचं असतं, मूळ किमतीतून नाही. म्हणून आकडा कमी कमी होत जातो, पण शून्यावर कधीच पोहोचत नाही. मी गाडी १९८५ साली सेकंड-हँड घेतली, अडतीस हजाराला. आज चाळीस वर्षं झाली. कॅल्क्युलेटर घे आणि कर. सत्तावन्न रुपये उरतात. छप्पन दुकानावर पोहे खायला जाऊ, वर एक रुपया शिल्लक. पण शून्य नाही. परीक्षेत हे उत्तर लिहिलं असतंस तर मार्क कापले गेले असते.

ही झाली गंमत. खरा मुद्दा असा की घसाऱ्याचा तक्ता काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवं. आणि आम्हीच सगळ्यात आधी विसरतो.

आता ‘स्वभाव’. भाचा म्हणतो, यंत्राला कसला स्वभाव, कारखान्यातून सगळ्या सारख्याच निघतात. कारखान्याच्या दारात सारख्या असतात, कबूल. कुर्ल्याच्या कारखान्यातून माझी गाडी निघाली त्या दिवशी तिच्या पुढे-मागे निघालेल्या गाड्या हुबेहूब तशाच असणार. पण दहा वर्षांनी त्या तिघी एकत्र उभ्या केल्या असत्या, तर डोळे बांधून नुसत्या आवाजावर कुठलाही उस्ताद वेगळ्या ओळखू शकला असता. एकीचा क्लच एखाद्या ओढग्रस्त माणसाच्या पायाखाली झिजलेला, एक समुद्राच्या हवेत गंजलेली, एकीचा कार्बोरेटर दर महिन्याला कोणीतरी उगाच पिळलेला. स्वभाव कारखान्यात घडत नाही, वापरात घडतो. माणसांचं तरी दुसरं काय असतं?

काही शहाणे सांगतात की हा सगळा नजरेचा खेळ आहे. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००८ साली लोकांना मोटारींच्या पुढच्या बाजू दाखवल्या, आणि पुष्कळांना त्यात चेहरे दिसले. दिवे म्हणजे डोळे, जाळी म्हणजे तोंड. दिसणारच. आपल्या लोकांनी हे संशोधनाशिवाय केव्हाच केलं होतं. पन्नासच्या दशकातली जुनी गोलमटोल फियाट, तिला मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे ते काय उगाच? पण ते झालं रूप. रूप रस्त्यावरच्या कोणालाही दिसतं. स्वभाव फक्त त्यालाच कळतो ज्यानं तिच्याबरोबर मे महिन्यात घाट चढलाय.

आमच्या गाडीचं घरातलं नाव ‘आत्याबाई’. ते आमच्या हिनं ठेवलं. माझी एक आत्या होती. लग्नकार्यात कोपऱ्यात बसून राहायची, जेवायला उठा म्हटलं की पहिल्या हाकेला कधी उठायची नाही. दुसऱ्यांदा कोणी जवळ जाऊन अदबीनं म्हटलं की मग उठायची, आणि एकदा उठली की पन्नास पानं वाढून मगच बसायची. गाडीचं तंतोतंत तेच. थंडीत चोक पूर्ण ओढा, चावी फिरवा, पहिल्या वेळी नुसती खाकरणार. थांबायचं. चोक अर्धा आत ढकलायचा, पुन्हा चावी. मग जी सुरू होईल ती नाशिकपर्यंत कुरकुर नाही.

नाशिकवरून आठवलं. हिचं माहेर नाशिकचं, त्यामुळे आगरा-मुंबई रस्ता आम्हाला पाठ. मानपूरचा घाट उतरायचा, खलघाटला नर्मदेला हात जोडायचे, सेंधव्याला चहा आणि पुढे बिजासनचा घाट. उन्हाळ्यात परत येताना हाच घाट चढताना आत्याबाई हमखास रुसायची. पेट्रोलच्या पंपात उष्णतेनं वाफ धरायची आणि इंजिन बंद. मग बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा, अर्धा तास झाडाखाली बसा. मागच्या सीटवर दोन मुलं, एक आंब्याची पेटी. त्या अर्ध्या तासांत मुलांना मी जेवढ्या गोष्टी सांगितल्या तेवढ्या घरी कधी सांगितल्या नसतील. पुढे पुढे मला इंजिनाच्या आवाजातला फरक बंद पडण्याआधी दोन किलोमीटर कळायला लागला. ही म्हणायची, “माझा ताप तुम्हाला थर्मामीटर लावल्यावर कळतो, तिचा आधीच कळतो.” टोमणा बरोबर बसायचा. आजही बसतो.

भाच्याकडे आणखी एक शस्त्र आहे. एमबीए केलेल्या मुलांकडून त्यानं ते उसनं घेतलंय. “मामा, याला एन्डाउमेंट इफेक्ट म्हणतात.” म्हणजे वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्याला उगाच जास्त वाटते. रिचर्ड थेलर, २०१७ चं नोबेल. मीही वाचलंय रे बाबा. त्या प्रसिद्ध प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, काहींना नाही दिले. मगवाल्यांनी विकायला साधारण दुप्पट किंमत मागितली. प्रयोग चोख आहे, मानतो. पण तो मग त्यांच्या हातात किती वेळ होता? काही मिनिटं! मगाची गोष्ट मगाला. ज्या वस्तूवर चाळीस वर्षं दर रविवारी दोन तास खर्च झाले, तिचा खुलासा पाच मिनिटांच्या मालकीनं करायचा म्हणजे चालू खात्याच्या नियमानं मुदत ठेवीचं व्याज काढण्यासारखं आहे.

मी हे भावनेच्या भरात बोलत नाही. बँकेत मी याच्या दुसऱ्या बाजूलाही बसलोय. एकदा निमाडातल्या एका शाखेत होतो. एका टॅक्सीवाल्याचं कर्ज थकलं. अँबेसेडर होती. नोटिसा झाल्या, मुदती झाल्या, शेवटी गाडी ताब्यात घ्यायला मीच गेलो. मला वाटलं होतं तो भांडेल, निदान चार शिव्या देईल. तो म्हणाला, “साहब, पाँच मिनट.” आतला देवाचा फोटो काढून खिशात ठेवला. फडक्यानं काच पुसली, डॅशबोर्ड पुसला. बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी बघितलं, कमी होतं ते भरलं. मग आमच्या ड्रायव्हरला चावी देताना म्हणाला, “सेकंड में डालते बखत थोड़ा रुकना, जबरदस्ती मत करना, चली जाती है.”

मी जप्तीच्या कागदावर लिहिलं, ‘वाहन चालू स्थितीत, टायर मध्यम.’ दुसरं लिहायला रकानाच नव्हता. परत येताना आमच्या ड्रायव्हरनं गिअर जबरदस्तीनं टाकला आणि गाडीनं कर्रकन आवाज केला. मी त्याच्यावर ओरडलो. बँकेच्या मालमत्तेला जपायचं म्हणून नाही ओरडलो, एवढं मला तेव्हाच समजलं होतं. तो माणूस पैसे बुडवणारा होता का? खात्यात तसंच दिसत होतं. पण जाणाऱ्या गाडीत पाणी भरणारा माणूस आणि सुस्थितीतली गाडी हप्ता टाळण्यासाठी लपवणारा माणूस, दोघांना आमच्या वहीत एकच शेरा.

बँकेचाच विषय आहे तर आणखी एक. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी १९६४ साली फियाट घेतली. बारा हजार किंमत. पैसे पुरेना म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ते गेले तेव्हा कर्ज शिल्लक होतं. ललिताबाईंनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. हे बँकेतल्या नव्या मुलांना प्रामाणिकपणाची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण एक बँकवाला म्हणून मला त्यात दुसरंही दिसतं. गाडी विकून कर्ज मिटवणं हा कोणाही हिशेबनीसानं दिला असता असा सल्ला होता. गाडी विकली गेली नाही. ती आज दिल्लीत शास्त्रीजींच्या स्मारकात उभी आहे. लोखंडच तर आहे ना?

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द, कारण नुसता भाचाच दोषी नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी कायमची गेली. तेव्हा मोबाइलवर काय रडारड! माझ्या ओळखीतले लोक, जे मुंबईला गेले की वातानुकूलित गाडी मागवतात, ते ‘एक युग संपलं’ म्हणून फोटो टाकत होते. त्या टॅक्सीत पंधरा-पंधरा तास बसून कंबर मोडून घेणाऱ्याला काय वाटलं, ते कोणी विचारलं? मला ही हळहळ फुकटची वाटते. जिव्हाळा फोटोतून येत नाही. तो हाताला लागलेल्या काळ्या ऑइलमधून येतो, आणि ते ऑइल रॉकेलनं धुतलं तरी दोन दिवस नखांत राहतं.

आणि आमच्याच कॉलनीत बघा. तीन घरांसमोर कव्हराखाली तीन गाड्या आहेत. एक मारुती ८०० आहे, तिच्या कव्हरावर मांजरी पिल्लं घालतात. विचारलं की मालक डोळ्यांत पाणी आणून सांगतात, “बाबांची आठवण आहे.” अहो, बाबांची आठवण आहे तर चाकात हवा भरा! बाबा दर रविवारी पुसायचे ना तिला? सडवत ठेवणं हे प्रेम कसलं, तो नुसता हावरटपणा. देशातली पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात दिली. त्यांनी ती २०१० मध्ये जाईपर्यंत सोडली नाही. पण नंतर तीच ऐतिहासिक गाडी दिल्लीत घराबाहेर गंजत उभी राहिली, पुढे ती दुरुस्त करून घेतली म्हणून वाचली. जपणारा हात गेला की यंत्राची कळा लगेच जाते.

सगळ्यात मोठा दुटप्पीपणा तर विकणाऱ्यांचा. नवी गाडी घेताना शोरूममध्ये काय सोहळा असतो! रेशमी कापड ओढायचं, केक कापायचा, ‘तुमच्या कुटुंबातला नवा सदस्य’ म्हणून फोटो. जाहिरातीत ती कधी वाघ असते, कधी प्रेयसी. आणि पाच वर्षांनी तोच विक्रेता म्हणतो, “सर, एक्स्चेंजला काढा, अजून भाव येईल.” गाडीला व्यक्तिमत्त्व आहे हे घेताना तुम्हीच सांगायचं, आणि आम्ही ते मनावर घेतलं की आम्ही भाबडे!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो, नाहीतर भाचा म्हणेल मामानं पळ काढला. माझ्या गाडीला एअरबॅग नाही. ब्रेक आजच्या गाड्यांच्या तुलनेत बैलगाडीचे. धूरही नव्या गाडीपेक्षा जास्त सोडते, प्रदूषणाचं प्रमाणपत्र असलं तरी. म्हणून मी तिला गर्दीत नेत नाही, रात्री नेत नाही, नातवंडांना तिच्यातून बायपासवर तर मुळीच नेत नाही. रोजच्या वापरातल्या जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात, याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद एका शब्दाशी आहे. ‘लोखंडच’ मधला तो ‘च’.

आता जे टाळत होतो ते. आमच्या हिचं शेवटच्या आजारपणात आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं, चौदा महिने. मुलाची नवी गाडी दारात होती, पण ही म्हणायची आत्याबाईतच बसते. पुढचं सीट सोफ्यासारखं लांब, त्यावर उशी टाकून तिरकं बसता यायचं. ही गाडी ती स्वतः १९८८ साली चिमणबागच्या मैदानावर शिकली होती, स्टिअरिंगवरच्या गिअरसकट. माझ्यापेक्षा चांगली चालवायची आणि मला ते ऐकवायचीही. तर त्या चौदा महिन्यांत गाडी एकदाही बंद पडली नाही. एकदाही नाही. मे महिन्यातसुद्धा नाही.

हे सांगितलं की लोक हात जोडतात, म्हणतात गाडीला कळत होतं. मी तसं म्हणत नाही. गाडीला काहीही कळत नव्हतं. मी दर शनिवारी रात्री प्लग काढून साफ करायचो, पॉइंट घासायचो, पंपाची जाळी धुवायचो, कारण झोप येत नसे आणि घरात दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. तिथे पाना फिरवला की काहीतरी घट्ट बसायचं. डॉक्टरांच्या फायलीत काहीच घट्ट बसत नव्हतं. गाडी बंद पडली नाही त्याचं कारण एवढंच. पण ते कारण भाच्याच्या कुठल्या कॉलममध्ये टाकू? दुरुस्ती-देखभाल खर्च? स्पार्क प्लग, दोन नग?

पुढे कोणी मानसशास्त्र करण्याआधीच सांगून ठेवतो: म्हातारा स्वतःला भंगार समजतोय म्हणून गाडीची बाजू घेतोय, असलं काही नाही. माझे गुडघे जुने झालेत हे मला ठाऊक आहे, आणि मला सांभाळायला माणसं आहेत. गाडीला मी एकटाच आहे, आणि माझा क्लचचा पाय आता दुखतो. प्रश्न तेवढाच आहे आणि तो खरा आहे.

सरकारचा नियमही मजेचा. खासगी गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपुढे गेली की ती ‘विंटेज’, तिला मान, तिला वेगळी नंबरप्लेट. तोवर ती नुसती जुनी, दर पाच वर्षांनी हजेरी. पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली, ती मी २०२४ मध्ये मुकाट्यानं भरली. आता पुढची हजेरी २०२९ ला, आणि त्याच वर्षी आत्याबाईची पन्नाशी. म्हणजे चार वर्षं काढायची आहेत. तिला आणि मला.

भाच्याला मी उत्तर त्या दिवशी दिलं नाही, आज देऊन राहिलो आहे. लेका, तुला गाडी विकत देणार नाही आणि स्क्रॅपला तर मुळीच देणार नाही. पण रविवारी सकाळी सात वाजता ये. नवे कपडे घालून येऊ नकोस. प्लग काढायचा पाना मी देईन, पॉइंटमधली फट किती ठेवायची ते दाखवीन, आणि मग तू चालवायचीस, देवासच्या टेकडीपर्यंत. पहिल्या चावीला सुरू होणार नाही. घाबरायचं नाही, चोक अर्धा आत ढकलायचा.